कोंबड्यांच्या पाण्यात रोज शेवाळ, पिल्लं मरतायत. पाण्यात नेमकं काय टाकू?

परसदार | १४ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो. घरामागे आगर, आगरात चौदा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. एप्रिलच्या शेवटी दोन कोंबड्या एकदमच खुडुक बसल्या, बारा-बारा अंडी घातली होती, बावीस पिल्लं निघाली. मागच्या वर्षी मुंगूस आणि घार यांनी मिळून एकही पिल्लू ठेवलं नव्हतं, म्हणून या खेपेला नवऱ्याने पडवीच्या टोकाला जाळीचं पक्कं खुराडं करून दिलं. खाली भाताचं तूस पसरलंय. पाण्यासाठी बाजारातून ते दोन लिटरचं उलटं करून ठेवायचं भांडं आणलं, पांढरं प्लॅस्टिक आणि खाली लाल ताटली असते ते.

पाऊस सुरू झाल्यापासून त्या भांड्याने जीव खाल्लाय. दुसऱ्या दिवशी ताटलीला बुळबुळीत थर, चौथ्या दिवशी आतून हिरवं. ताटलीत तूस, शीट, कोंडा सगळं. पाणी रोज सकाळी बदलते, दोन दिवसांनी घासते. तरी गेल्या चार दिवसांत पाच पिल्लं गेली. पंख पाडून कोपऱ्यात डोळे मिटून बसतात आणि दुसऱ्या दिवशी संपतात. दोघांच्या शिटात रक्त दिसलं.

शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून पाणी गुलाबी होईपर्यंत पोटॅशियम परमँगनेट टाकते आहे. सकाळी गुलाबी असतं, दुपारी चहासारखं होतं. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी कोंबड्या मोरीचं पाणी प्यायच्या, कोण मेली?" त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे काही नाही, कारण त्यांच्या कोंबड्या खरंच जगायच्या.

तर पाण्यात काय टाकू? परमँगनेटच चालू ठेवू, की टीसीएल (ब्लीचिंग पावडर), व्हिनेगर, हळद, लसूण? वापरून पाहिलेलंच सांगा प्लीज.


अर्धवट_शेतकरी | १४ जून, रात्री १०:१२

ताई, आधी काही प्रश्न. भांडं थेट तुसावर ठेवलंय की खाली काही आहे? सकाळचं ऊन त्यावर पडतं का? आणि पिल्लं व त्यांच्या आया एकाच भांड्यातून पितात का?


परसदार | १४ जून, रात्री १०:२०

थेट तुसावर. ऊन पाऊस नसेल तेव्हा नऊपर्यंत येतं. हो, एकच भांडं आहे.


नळजोड | १४ जून, रात्री ११:०५

ताटलीवाली भांडी फेकून द्या आणि निप्पल लावा, म्हणजे चोचीने टोचलं की थेंब सोडणारी बारीक तोटी. विषय संपला.

मी पुण्याजवळ राहतो, अठरा कोंबड्या आहेत (कावेरी जातीच्या आणि काही गावरान). वीस लिटरचा झाकणाचा कॅन घ्या, बुडाला भोकं पाडून तीन निप्पल बसवा, टेफ्लॉन टेप गुंडाळा, कॅन टांगून ठेवा. एका निप्पलला आठ-दहा पक्षी पुरतात. पाणी बंद डब्यात असल्याने त्यात शीट पडत नाही, तूस पडत नाही, शेवाळ नाही. कॅन मात्र काळा किंवा गडद निळा हवा. पांढऱ्या प्लॅस्टिकमधून उजेड आत जातो आणि तुमचं शेवाळ त्याच उजेडावर पोसलं जातंय.

ताटलीचा खरा दोष कोंबडीच्या पिण्याच्या पद्धतीत आहे. तिला आपल्यासारखं ओढून पिता येत नाही. चोच बुडवायची, मान वर करायची, पाणी घशात सोडायचं. प्रत्येक वेळी चोचीला लागलेला भरडा ताटलीत धुतला जातो. म्हणजे तुम्ही पाणी ठेवत नाही, रोज पातळ पेज ठेवताय. ती आंबणारच.


आजीचं_डालगं | १५ जून, सकाळी ७:३०

कॅन, निप्पल, टेफ्लॉन टेप. कोंबडी पाळताय की प्लंबिंग करताय? (कृपया हलके घ्या.)

तुमचं निप्पल कितीही स्वच्छ असू द्या, मोकळी सोडलेली कोंबडी पहिली जाणार भांडी घासायच्या दगडापाशी साचलेल्या पाण्याकडेच. माझ्या सोळाच्या सोळा जातात.


नळजोड | १५ जून, सकाळी ८:०१

जातात, कारण ते पाणी गार असतं आणि त्यात शितं असतात. चांगलं पाणी त्याहून जवळ आणि त्याहून गार ठेवा, निम्म्या तरी जायच्या थांबतील. आणि ते डबकं बुजवा की, कोंबड्यांसाठी नाही तर डासांसाठी.


निवृत्त_पशुसेवक | १५ जून, सकाळी ११:४०

परसदार ताई, तुमचा प्रश्न पाण्याचा आहे, पण तुम्ही समजताय तसा नाही. जरा सविस्तर लिहितो. नोकरीची तीस वर्षं यातच गेली.

चार-पाच आठवड्यांची पिल्लं, पावसाची सुरुवात, पंख पाडून बसणं, शिटात रक्त. पक्षी न पाहता निदान करू नये हे मला कळतं, पण इतकं वाचून पहिला संशय रक्ती हगवणीचाच येतो, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा. हा जीवाणू किंवा विषाणू नाही, आतड्याच्या पेशींत वाढणारा एकपेशीय परजीवी आहे. आजारी पिल्लाच्या शिटातून त्याच्या सूक्ष्म पुटी बाहेर पडतात. बाहेर पडल्या पडल्या त्या बाधा करत नाहीत. त्यांना पिकायला ओल, ऊब आणि हवा लागते. जूनमधल्या कोकणात, ओल्या तुसात, त्या एक-दोन दिवसांत तयार होतात. मग पिल्लू तूस उकरतं, टोचतं आणि त्या पोटात जातात.

आता तुमच्या परमँगनेटचं. या पुटींचं कवच इतकं चिवट असतं की पाण्यात आपण टाकतो त्या प्रमाणातलं परमँगनेट किंवा क्लोरीन त्यांना मारू शकत नाही. तुम्ही पाणी गुलाबी करत राहाल आणि पिल्लं मरत राहतील. पाणी चहासारखं होतं याचाही अर्थ समजून घ्या. परमँगनेट घाणीशी झटापट करून खर्च झालं की तपकिरी पडतं. तुमच्या ताटलीत घाण इतकी आहे की औषध दुपारपर्यंतही टिकत नाही. आणि ते कमी पडतं म्हणून जास्त टाकू नका. पाणी जांभळं झालं तर तोंड आणि अन्ननलिका भाजते.

तेव्हा भांड्यात काय आहे हे नंतर बघू. आधी भांड्याखाली हात घालून बघा. तिथलं तूस ओलं असणार, मुठीत दाबलं तर गोळा होत असणार. तुमच्या खुराड्यातली सगळ्यांत धोक्याची जागा ती आहे, आणि पिल्लं दिवसभर तिथेच उभी असतात.

आज करायची कामं. पंख पाडलेली पिल्लं वेगळी करा. ताजी शीट कागदात गुंडाळून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळतं. पिल्लू मेलंच असेल तर तेही न्या, पोट फाडून पाहिलं की संशय राहत नाही. रक्ती हगवण ठरली तर बहुधा पाण्यातून द्यायचं अँप्रोलियम देतील. किती आणि किती दिवस, ते डॉक्टर सांगतील तसंच. ते चालू असताना दुकानदाराने सोबत दिलेलं बी जीवनसत्त्वाचं टॉनिक पाण्यात टाकू नका. अँप्रोलियम हे थायमिनची, म्हणजे बी-१ची नक्कल करून त्या परजीवीला उपाशी मारतं. तुम्ही वरून बी-१ घातलंत तर औषध वाया जातं. ही चूक मी शेकडो घरांत पाहिली आहे.

औषधाचं पाणी ठेवलंय तोवर खुराड्यात दुसरं पाणी ठेवायचं नाही, हे सांगायचं राहिलंच होतं.


परसदार | १५ जून, दुपारी १२:०५

काका, हात घालून पाहिला. पिळता येईल इतकं ओलं आहे. वासही येतोय. आत्ताच निघतेय देवरुखला.


वऱ्हाडी_ऊन | १५ जून, दुपारी २:२०

राजेहो, तुमच्याकडे ओल नडते, आमच्याकडे ऊन. मी चंद्रपूरकडचा. मे महिन्यात ४५-४६ अंश ही आमच्यासाठी बातमी नसते.

गेल्या वर्षी माझ्या तीन चांगल्या अंड्यावरच्या कोंबड्या एका दुपारी गेल्या. भांडं भरलेलं होतं, पाणी स्वच्छ होतं. पण ते अंगणात उन्हात होतं. हात घातला तर चहाला ठेवल्यासारखं. कोंबडीच्या अंगाचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास, तिला घाम येत नाही, तोंड उघडं टाकून धापा टाकणं हाच तिचा कूलर. त्या धापांत अंगातलं पाणी उडून जातं, आणि समोर ठेवलेलं पाणी अंगापेक्षा गरम असलं की ती पीत नाही. एरवी मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, कडक उन्हात त्याच्या दुप्पट लागतं. नेमकं तेव्हाच आपलं भांडं तापलेलं असतं.

आता मी फुटक्या माठाची बुडं वापरतो. गावात कुंभाराकडे तडकलेले माठ पडून असतात, फुकट देतो. बूड कडुलिंबाखाली ठेवायचं, भोवती ओलं पोतं. सकाळी सात, अकरा आणि तीन अशा तीन वेळा पाणी बदलायचं. मातीचं भांडं पाझरतं म्हणून गार राहतं, पण त्याच्या छिद्रांत शेवाळही बसतं. त्यामुळे दोन बुडं ठेवा. एक वापरात, दुसरं राखेने घासून उन्हात पालथं. दिवसाआड अदलाबदल. आमच्या उन्हाचा तेवढा एक उपयोग आहे.


साताऱ्याची_सून | १५ जून, दुपारी ३:४५

वाचनखूण साठवली. पशुसेवक काकांचा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका कोणीतरी.


बोअरचं_पाणी | १५ जून, सायंकाळी ६:३०

नळजोड दादांच्या निप्पलबद्दल दोन शब्द. मी जालना जिल्ह्यातला. बोअरचं पाणी इतकं जड की घरात स्टीलच्या हंड्याला पांढरी पुटं चढतात. मी मोठ्या हौसेनं निप्पलची लाईन टाकली. सहा महिन्यांत निम्मे निप्पल क्षारांनी बसले. काही ठिबकत राहिले, काही बंदच. ठिबकणाऱ्यांखाली चिखल, म्हणजे परत काकांनी सांगितलेली ओल. आणि बंद झालेला निप्पल बाहेरून चालू निप्पलसारखाच दिसतो. कोंबड्या त्याला टोचत होत्या, मला वाटलं पितायत. अंडी कमी झाली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अंड्यात चारातले जवळजवळ तीन हिस्से पाणीच असतं, पाणी तुटलं की अंडी आधी तुटतात.

दुसरं, बंद पाइपात घाण होत नाही हा गैरसमज आहे. ती दिसत नाही, एवढंच. उन्हाळ्यात मी त्याच लाईनमधून गुळाचं पाणी आणि इलेक्ट्रोलाइट दिलं. आठ दिवसांनी पाइप उघडला तर आत जेलीसारखा गिळगिळीत थर. नखाने ओढला तर शेवयांसारखा निघाला. तेव्हापासून गूळ, टॉनिक, औषध, जे काय द्यायचं ते उघड्या भांड्यात, आणि तीन-चार तासांत उरलेलं ओतून भांडं धुवायचं. पाइपात फक्त साधं पाणी.

निप्पल काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवले की क्षार सुटतात. पण व्हिनेगर पत्र्याच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या बादलीत घेऊ नका. आंबट पाणी जस्त सोडवतं आणि ते कोंबड्यांना विषारी. तांब्या-पितळेचंही तेच. प्लॅस्टिक, स्टील, काच, माती यांतलं काहीही चालेल.


नळजोड | १५ जून, सायंकाळी ७:१०

जड पाण्याचा मुद्दा मान्य. मला महापालिकेचं पाणी आहे, मी तो विचारच केला नव्हता. रोज सकाळी प्रत्येक निप्पलला बोटाने टिचकी मारून थेंब येतो का पाहायचं, हे मी करतो ते सांगायचं राहिलं होतं.

आणि म्हाताऱ्या कोंबड्या निप्पल शिकायला महाहट्टी असतात. पिल्लं तासाभरात शिकतात. मोठ्या दोन दिवस रुसून बसतात, म्हणून सुरुवातीला जुनं भांडंही ठेवा.


टाकीवाला | १५ जून, रात्री ८:५५

मी ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचं काम पाहतो, क्लोरीनचा हिशोब सांगतो, कारण "चिमूटभर टाकतो" हे ऐकून अंगावर काटा येतो.

विहिरीचं पाणी पावसात गढूळ झालं असेल तर आधी तुरटी फिरवा, तासाभराने निवळी वेगळी काढा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. गढूळ पाण्यात क्लोरीन घातलं तर ते गाळावरच खर्च होतं, परमँगनेटसारखंच.

निवळलेल्या पाण्याला लिटरला २ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन पुरतं. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर २० लिटरच्या कॅनला १ मिली. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. तेव्हा २०० लिटरच्या पिंपाला दीड ग्रॅम. इतकं मोजायला घरी काटा नसतो, सोनाराकडून एकदा मोजून आणा आणि ती किती भरते ते डोळ्यांत ठेवा. तांब्याभर पाण्यात कालवून वरची निवळी तेवढी पिंपात ओता, चोथा टाकून द्या. अर्धा तास थांबून मग कोंबड्यांना. उघड्या पुड्यातली सादळलेली टीसीएल निरुपयोगी. फरशी पुसायचं सुगंधी ब्लीच तर आणूच नका, त्यात साबण असतो.

शंका असेल तर जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची बाटली असते. नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकायचे, फिकट पिवळं आलं की क्लोरीन शिल्लक आहे.


आजीचं_डालगं | १५ जून, रात्री ९:२०

दीड ग्रॅम टीसीएल सोनाराकडे मोजायला गेले तर तो विचारेल, वळं करायचंय की मणी?


निवृत्त_पशुसेवक | १५ जून, रात्री ९:४८

टाकीवाले बरोबर सांगतायत. एकच भर. पाण्यातून लस द्यायची असेल तर क्लोरीन, परमँगनेट, व्हिनेगर काहीच नको. आदल्या दिवसापासून बंद.


साताऱ्याची_सून | १६ जून, सकाळी ९:१५

काका, हे तुम्ही तीन वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं!

आम्ही मानमोडीची (राणीखेतची) लासोटा लस आणली होती, शंभर डोसांची कुपी. आमच्या पंचवीस कोंबड्या, म्हणून शेजारच्या दोन घरांना बोलावून घेतलं, कुपी फुटली की उरलेली टिकत नाही. बर्फातून आणली, सावलीत कालवली, सगळं नीट. फक्त कालवली नळाच्या पाण्यात, आणि त्या आठवड्यात पाणी पिवळं दिसत होतं म्हणून टाकीत टीसीएल सढळ हाताने पडलं होतं. जिवंत विषाणूची लस ती, क्लोरीनने तिथेच मेली. दोन महिन्यांनी गावात मानमोडी आली. माना वाकड्या करून गोल गोल फिरायच्या. तिन्ही घरांच्या मिळून साठावर कोंबड्या गेल्या. लस दिलीये म्हणून आम्ही गाफील, शेजारणी आजही टोमणा मारतात.

आता मी पिल्लांना डोळ्यात थेंबच टाकून घेते. पाण्यातून द्यायचीच असेल तर विहिरीचं साधं पाणी, त्यात लिटरला ५ ग्रॅम साय काढलेली दूध पावडर आधी कालवून. अंशभर क्लोरीन असलाच तर तो दुधावर खर्च होतो. पक्ष्यांना तासभर तहानलेलं ठेवायचं म्हणजे एक-दोन तासांत सगळी लस संपते.


थंडगार_मिनेसोटा | १६ जून, सकाळी १०:४०

अवांतर: इथे जानेवारीत उणे २५. माझ्या सहा कोंबड्यांचं पाणी वीस मिनिटांत दगड होतं. खाली गरम होणारी विजेची थाळी ठेवतो. तुमच्या शेवाळाचा हेवा वाटतो, खरंच.


वऱ्हाडी_ऊन | १६ जून, सकाळी ११:०२

भाऊ, थोडं इकडं पाठवा.


गावकूस | १६ जून, दुपारी १:३०

पावसात मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांना तळं-डबक्यावर जाऊ देऊ नका, विशेषतः जिथे बदकं-बगळे उतरतात. जंगली पक्ष्यांच्या विष्ठेतून बर्ड फ्लू येऊ शकतो. २००६ मध्ये देशातला पहिला उद्रेक आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला झाला होता. मी तेव्हा शाळेत होतो. लाखो कोंबड्या नष्ट केल्या, परसातल्यासुद्धा. आजीच्या सहा कोंबड्या पोत्यातून नेल्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे. पुढे २०२१ मध्ये परभणीतही आला. उघडं पिंप, उघडी डोण यांवर जाळी टाका, कावळे अंघोळी करतात त्यात.


परसदार | २४ जून, रात्री ८:१०

उशिरा लिहितेय, माफ करा. वीज आणि रेंज दोन्ही आळीपाळीने गायब होती.

काका, रक्ती हगवणच निघाली. दवाखान्यात शीट तपासली, अँप्रोलियम दिलं. टॉनिकची बाटली माझ्या पिशवीत आधीच होती, दुकानदाराने बळेच दिलेली. तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर दोन्ही एकत्रच दिलं असतं. पहिल्या दोन दिवसांत आणखी तीन गेली. नंतर एकही नाही. बाविसातली चौदा आहेत.

खुराड्यातलं सगळं तूस काढून लांब खड्ड्यात पुरलं. जमिनीवर चुना मारला, दोन दिवस वाळू दिलं (म्हणजे जूनमध्ये जितकं वाळतं तितकं), मग नवं तूस. भांडं आता तुसावर नाही. जांभ्याचा एक चिरा आडवा ठेवला, त्यावर पत्र्याचं पसरट ताट, ताटात बारीक खडी, खडीवर भांडं. सांडलेलं पाणी खडीतून ताटात उतरतं, रोज संध्याकाळी ओतून देते. पहिल्या दिवशी ताटातून किती पाणी निघावं? अर्ध्या लिटरहून जास्त! इतकं रोज तुसात मुरत होतं.

आयांसाठी वेगळं भांडं, त्यांच्या पाठीच्या उंचीला टांगलेलं. अर्धवट दादांनी तो प्रश्न का विचारला ते आता कळलं. मोठ्या कोंबड्या खालच्या भांड्यात पाय मारून तूस उडवत होत्या, निम्मी घाण त्यांचीच होती. पांढऱ्या भांड्याला काळ्या टी-शर्टचं अंगरखं शिवलं. शेवाळ दहा दिवसांत दिसलं नाही. तरी ताटली दोन वेळा काथ्याने घासते, कारण बुळबुळीत थर शेवाळाशिवायही येतोच, हात फिरवल्यावर कळतो, डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात सध्या काहीच टाकत नाही, विहिरीचं निवळलेलं पाणी.

आता सासूबाईंचं. परवा त्यांना विचारलं, तुम्ही पिल्लं कुठे ठेवायचात? म्हणाल्या, "खुराडं कसलं, डालग्याखाली." (म्हणजे पालथ्या घातलेल्या बांबूच्या टोपलीखाली.) आणि डालगं? "रोज सकाळी उचलायचं, दुसऱ्या जागी ठेवायचं. जुन्या जागी चुलीची राख." का, असं विचारलं तर म्हणाल्या, "वास येतो म्हणून." पाणी नारळाच्या करवंटीत, पिल्लं प्यायली की उपडी करून ठेवायची. म्हणजे पिल्लांना कालच्या जागेवरची शीट आज कधी मिळतच नव्हती! मोरीचं पाणी प्यायच्या त्या मोठ्या कोंबड्या. आम्ही मुंगसापासून वाचवायला त्यांना एका जागी बांधून टाकलं आणि त्यांच्याच शिटावर उभं केलं.


निवृत्त_पशुसेवक | २४ जून, रात्री ८:३५

चौदा वाचली, फार चांगलं झालं. थोड्या प्रमाणात बाधा होऊन पिल्लू निभावलं की त्याला पुढे ताकद येते. तुमच्या सासूबाईंची पिल्लं रोज थोडी थोडी बाधा घेत मोठी व्हायची. राखेने जमीन कोरडी राहायची आणि पुटींना पिकायला ओल मिळायची नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

एक करा. नव्या तुसात दर दोन-तीन दिवसांनी हात घालून वरखाली करत राहा. मुठीत दाबून सोडलं की मोकळं पडलं पाहिजे.


आजीचं_डालगं | २४ जून, रात्री ८:४१

माझं सदस्यनाम सार्थ झालं. बाकी चालू द्या.


अर्धवट_शेतकरी | २४ जून, रात्री ९:२६

पुढच्या खेपेला अगदी लहान पिल्लं असतील तेव्हा ताटलीत मुलांच्या काचेच्या गोट्या टाका. पिल्लू गोट्यांच्या फटीतून पितं, बुडत नाही, भिजून गारठत नाही. माझी पहिल्या वर्षीची दोन पिल्लं बोटभर पाण्यात बुडाली होती. पण गोट्याही रोज धुवायच्या, त्यांच्यावर तोच थर चढतो.


नळजोड | २४ जून, रात्री ९:५०

ताई, खडीच्या ताटाची आयडिया ढापतोय. माझ्या निप्पलखालीही थोडं ठिबकतं. फोटो टाका ना. आणि त्या खडीच्या ताटात डास होत नाहीत का?


परसदार | २५ जून, सकाळी ७:५५

फोटो टाकला असता, पण भांड्याच्या अंगरख्यावर निवडणुकीतल्या पक्षाचं चिन्ह आहे, उगाच धाग्याला वेगळं वळण लागायचं.

डासांचं म्हणाल तर काल आशाताई आल्या होत्या, अळ्या तपासायला. मी छाती ठोकून म्हटलं, ताई, कोंबड्यांचं सगळं बघा, रोज ओतते. त्यांनी खडीचं ताट पाहिलं, आयांचं भांडं पाहिलं, दगडी डोण पाहिली, कुठेच काही नाही. मग घरात आल्या आणि टीव्हीशेजारच्या मनीप्लांटच्या बाटलीत बॅटरी मारली. बाटलीत डझनभर अळ्या. सासूबाईंनी बाटली उचलली आणि थेट कोंबड्यांपुढे ओतली.